पालशेत ते विष्णुपुरी

६ मे १९५३ ची संध्याकाळ. रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालशेतच्या समुद्रकिनाऱ्यावर वीसेक वर्षांच्या एका मुलाचं डाव्या मांडीचं हाड मोडलं. घर दीड मैलावर. खाट मागवून त्यावर घालून त्याला घरी आणेपर्यंत रात्र पडली. गावातल्या डॉक्टरांनी पाय हलू नये म्हणून लाकडी फळ्या बांधल्या आणि दुसऱ्या दिवशी पुण्याला हलवायचा सल्ला दिला. त्यांनीच पुढे फळ्या काढून तिथे स्प्लिंट बांधले, आणि रात्री एक वाजता टॅक्सी निघाली. मुलगा मागे रेललेला, सोबत आई आणि तेच डॉक्टर. सुमारे दोनशे मैलांचा प्रवास करून ९ मे रोजी सकाळी साडेअकराला ती माणसं पुण्यात पोचली. वडील दौंडहून आले होते. ते स्वतः डॉक्टर होते.

पहिल्या रुग्णालयात पाय पाहिल्यावर कळलं की हाडाची टोकं एकमेकांवर चढली आहेत, पिन घालून ताण द्यावा लागेल. तिथून मुलाला दुसऱ्या, हाडांच्या डॉक्टरांच्या रुग्णालयात नेलं. सव्वादोनला तो दाखल झाला. मॉर्फियाची दोन इंजेक्शनं द्यायला सांगितलं होतं, एकच दिलं गेलं. वर शस्त्रक्रियागृहात तासाभराहून अधिक काळ पाय ओढून प्लास्टर घातलं गेलं. साडेपाचला मुलगा खोलीत आला. सातपर्यंत गुंगी उतरेल, या भरवशावर वडील दौंडला परतले. साडेसहाला आईच्या लक्षात आलं की त्याला श्वास घेणं जड जातंय. रात्री नऊला तो गेला. दाखल्यावर कारण लिहिलं होतं : फॅट एम्बॉलिझम, म्हणजे रक्तात चरबीची गुठळी.

आई-वडिलांनी नुकसानभरपाईचा दावा लावला. भूल न देता, जास्तीचा जोर लावून हाड बसवलं आणि त्या धक्क्यानं मुलगा गेला, असं त्यांचं म्हणणं होतं. खालच्या न्यायालयानं ते मानलं, मुंबई उच्च न्यायालयानं मानलं, आणि २ मे १९६८ रोजी सर्वोच्च न्यायालयानंही मानलं. भरपाई तीन हजार रुपये. ‘डॉ. लक्ष्मण बाळकृष्ण जोशी विरुद्ध डॉ. त्र्यंबक बापू गोडबोले’ हा तो निकाल. आजही देशात कुठल्याही डॉक्टरवर दावा लागला की त्याचा दाखला निघतो. डॉक्टरनं रुग्ण हाती घेतला की त्याच्यावर तीन जबाबदाऱ्या येतात, असं न्यायमूर्ती शेलात यांनी त्यात लिहिलं : रुग्ण घ्यायचा की नाही हे नीट ठरवणं, कोणते उपचार करायचे हे नीट ठरवणं, आणि ते उपचार नीट करणं.

मला या खटल्यात सगळ्यात बोलकी वाटते ती वडिलांची पदवी. ज्यानं जाब विचारला त्याला मांडीचं हाड, मॉर्फियाची मात्रा आणि दाखल्यावरचे इंग्रजी शब्द कळत होते. किनवटच्या किंवा अहमदपूरच्या शेतमजुराला ते कळत नाहीत, आणि इथून पुढचा सगळा इतिहास त्या दरीचा आहे.

डॉक्टरच्या चुकीला शिक्षा असावी हा विचार इंग्रजांनी आणला असं समजायचं कारण नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात, जिवाला धोका असलेला उपचार न कळवता केला आणि रुग्ण दगावला तर वैद्याला पहिल्या पायरीचा दंड आहे, आणि कामातल्या चुकीनं दगावला तर मधल्या पायरीचा. याज्ञवल्क्यस्मृतीत तर रुग्ण कोण यावर दंड ठरतो. जनावर असेल तर कमी, साधा माणूस असेल तर मधला, राजाचा माणूस असेल तर सर्वांत मोठा. या स्मृतीवरची मिताक्षरा ही टीका विज्ञानेश्वरानं चालुक्यांच्या कल्याणीत लिहिली. ती कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण, आपल्या सीमेपलीकडे बीदर जिल्ह्यातलं. म्हणजे हा विचार आपल्या अंगणातला आहे. पण हा दंड राजाच्या खजिन्यात जमा व्हायचा. ज्याचं माणूस गेलं त्याच्या हाती त्यातलं काय पडायचं, हा प्रश्न या नियमांत नाही.

तो प्रश्न कायद्यात आला १८५५ मध्ये. इंग्लंडमधल्या १८४६ च्या कायद्याच्या धर्तीवर इथे जीवघेण्या अपघातांचा कायदा झाला. दुसऱ्याच्या चुकीनं माणूस गेला तर त्याच्या पती-पत्नीला, आई-वडिलांना, मुलांना भरपाई मागता येईल, असं त्यानं सांगितलं. मराठवाडा मात्र तेव्हा निजामाच्या राज्यात होता. १७ सप्टेंबर १९४८ ला ते राज्य संपलं, तरी १९५६ पर्यंत नांदेडचं आणि तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात असलेल्या लातूरचं वरचं न्यायालय हैदराबादला. १९५६ मध्ये हा भाग मुंबई राज्यात आला आणि दाद मागायची तर मुंबई गाठणं आलं. औरंगाबादला खंडपीठ बसलं ते १९८१ मध्ये. जिल्हा न्यायालयात हरलेल्या माणसाला पुढचं न्यायालय इतकं लांब असेल तर तो तिथेच हात टेकतो. ज्यांनी दावा कधी लावलाच नाही त्यांची नोंद कुठल्याच निकालपत्रात सापडत नाही.

तरीही एका मराठवाडी माणसानं तो लावला, आणि साऱ्या देशासाठी कायदा घडवला. या मागोव्याचा कणा हाच आहे.

जुलै १९६३. औरंगाबादचं सरकारी रुग्णालय, वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेलं. मराठवाड्यात तेव्हा हे एकच वैद्यकीय महाविद्यालय, १९५६ चं. अच्युतराव हरिभाऊ खोडवा यांच्या पत्नी १० जुलैला तिथे बाळंत झाल्या, मुलगा झाला. बाळंतपणानंतर कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया करून घ्यायची हे आधीच ठरलं होतं. ती १३ तारखेला झाली. लगेच सणसणून ताप आला आणि असह्य वेदना सुरू झाल्या. इतक्या साध्या शस्त्रक्रियेनंतर असं होत नाही. १५ तारखेला नवऱ्यानं रुग्णालयातल्याच, पण ओळखीच्या, दुसऱ्या एका डॉक्टरांना गाठलं. टाके उघडून पाहावं, असं त्या डॉक्टरांनी सुचवल्याचं कुटुंबाचं म्हणणं होतं. ते कुणी मनावर घेतलं नाही. १९ तारखेला, प्रकृती हाताबाहेर गेल्यावर, त्याच डॉक्टरांना बोलावून पोट उघडलं. आत पू होता, आणि पहिल्या शस्त्रक्रियेच्या वेळी राहिलेला कापडी बोळा. २४ जुलैला बाई गेल्या. पदरात दोन आठवड्यांचं मूल होतं.

दिवाणी न्यायालयानं निष्काळजीपणा झाल्याचं मानून छत्तीस हजार रुपये मंजूर केले. उच्च न्यायालयानं तो निकाल फिरवला. रुग्णालय चालवणं हे राज्याचं सार्वभौम काम, त्यात झालेल्या चुकीला सरकार जबाबदार नाही, असा तो युक्तिवाद होता. दावा सर्वोच्च न्यायालयात गेला. २० फेब्रुवारी १९९६ रोजी न्यायमूर्ती किरपाल यांनी निकाल दिला. जुलै १९६३ मध्ये जन्मलेलं ते मूल तेव्हा बत्तिशी ओलांडून गेलं होतं.

त्या निकालात दोन गोष्टी पक्क्या झाल्या. एक, रुग्णालय चालवताना सरकारला सार्वभौमपणाची ढाल नाही. नोकरांच्या चुकीची भरपाई मालक म्हणून त्यानंच द्यायची. दुसरी माझ्या मते त्याहून मोठी : पोटात बोळा राहणं हे निष्काळजीपणाशिवाय घडत नाही, तेव्हा तो नेमका कुणाच्या हातून राहिला हे रुग्णाच्या घरच्यांनी सिद्ध करत बसायची गरज नाही. शस्त्रक्रियागृहाच्या बंद दारामागे कोण कुठे उभं होतं हे बाहेर बाकावर बसलेल्या नवऱ्याला कसं कळणार? तेहतीस वर्षांनी का होईना, न्यायालयानं ते ओळखलं.

या निकालाच्या मागे-पुढे सहा महिन्यांत कायद्यानं जेवढी मजल मारली, तेवढी आधीच्या शंभर वर्षांत मारली नव्हती. त्याची एक मुळी पुण्यात आहे. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये तिथे ग्राहक पंचायत सुरू केली. त्या चळवळीच्या रेट्यातून १९८६ चा ग्राहक संरक्षण कायदा उभा राहिला, जिल्ह्याजिल्ह्यात ग्राहक मंच आले. कोर्ट फी नाममात्र, वकील लावायची सक्ती नाही. डॉक्टरी सेवा यात येते का, यावर डॉक्टरांच्या संघटनेनं सर्वोच्च न्यायालय गाठलं, आणि १३ नोव्हेंबर १९९५ रोजी उत्तर आलं : येते. जिथे सर्वांनाच मोफत उपचार होतात ती रुग्णालयं तेवढी वगळली. फेब्रुवारीत औरंगाबादचा निकाल. ६ मे १९९६ ला पश्चिम बंगालमधल्या एका शेतमजुराचा. रेल्वेतून पडून डोक्याला मार लागलेल्या त्या माणसाला एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी खाट नाही, सोय नाही म्हणून परत पाठवलं होतं. तातडीचे उपचार न मिळणं हा जगण्याच्या मूलभूत हक्काचा भंग आहे, आणि पैसा नाही ही सबब राज्याला सांगता येणार नाही, असं न्यायालयानं ठरवलं आणि त्याला पंचवीस हजार देवविले. १० मे ला मुंबईचा निकाल : होमिओपॅथीची पदवी असलेल्या डॉक्टरनं ॲलोपॅथीची औषधं दिली आणि रुग्ण दगावला, तर ते देणं हाच निष्काळजीपणा. त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाचा एक निकाल छापून आला, ज्यानं केसपेपरची प्रत मिळणं हा रुग्णाचा हक्क मानला.

डॉक्टर धास्तावले, हेही खरं. त्यांचं सगळंच खोटं नव्हतं. रुग्ण दगावला म्हणजे चूक झालीच असं नाही. नीट उपचार करूनही माणसं जातात. पोलिसांनी थेट डॉक्टरला उचलून नेण्याचे प्रकार वाढले तेव्हा ५ ऑगस्ट २००५ रोजी, जेकब मॅथ्यू खटल्यात, सर्वोच्च न्यायालयानं फौजदारीपुरती रेघ ओढली. गुन्हा दाखल करायचा तर चूक ढोबळ आणि अक्षम्य असली पाहिजे, आणि आधी त्या विषयातल्या, शक्यतो सरकारी, डॉक्टरचं मत घेतलं पाहिजे. ही रेघ योग्य होती असं मी मानतो. भरपाईचा दिवाणी हक्क तिनं कमी केला नाही.

पण हे निकाल नांदेड-लातूरच्या जमिनीवर उतरले कसे?

नांदेडच्या डॉक्टर लेनमध्ये किंवा लातूरच्या एखाद्या मोठ्या दवाखान्यातून रुग्ण घरी जातो तेव्हा नातेवाइकांच्या हातात काय असतं ते पाहा. डिस्चार्ज कार्डाचा एक दुमडलेला कागद, औषधांच्या चिठ्ठ्या, प्लास्टिकच्या पिशवीत एक्स-रे, आणि पैसे भरल्याची एखादी कच्ची पावती. दाव्याला लागतात ते कागद फाइलमध्ये दवाखान्यातच राहतात : दर तासाच्या नाडी-रक्तदाबाची नर्सची नोंद, भूल दिल्याची नोंद, शस्त्रक्रियेची नोंद, आणि ज्यावर घाईघाईत सही किंवा अंगठा घेतला ते संमतिपत्र. मुलाचा श्वास साडेसहाला अडला की साडेसातला, डॉक्टर आले कधी, रक्त मागवलं कधी, हे सारं त्या तक्त्यात असतं. भारतीय वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार हे कागद तीन वर्षं जपायचे असतात आणि मागितल्यापासून ७२ तासांत द्यायचे असतात. बहुतेकांना हे ठाऊक नसतं. माणूस गेल्यावर बिल भागवून मृतदेह ताब्यात घेण्याची घाई असते. फाइल मागायचं कुणाला सुचतं?

कागद मिळाले तरी ते वाचून ‘इथे चुकलं’ असं लिहून देणारा डॉक्टर लागतो. लहान शहरात सगळे डॉक्टर एकमेकांच्या ओळखीचे, एकाच संघटनेचे, बरेचसे एकाच महाविद्यालयाचे. सरकारी मत घ्यायचं तर नांदेडचं १९८८ चं शासकीय महाविद्यालय किंवा लातूरचं २००२ चं. तिथून मोघम मत आलं की दावा ढासळतो. पालशेतच्या मुलाच्या वडिलांना या मताची गरज भासली नसेल, आणि औरंगाबादच्या नवऱ्याच्या बाजूनं पोट उघडणारा डॉक्टरच साक्षीला उभा होता. असं भाग्य दर दावेदाराला लाभत नाही.

आणि जिंकलं तरी रक्कम ठरते गेलेल्या माणसाच्या कमाईवर. कोलकात्याच्या एका खटल्यात २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सुमारे सहा कोटी दिले. मृत स्त्री अमेरिकेत स्थायिक झालेली, बालमानसशास्त्र शिकलेली होती. २००१ च्या एका निकालात गृहिणीच्या कामाची किंमत महिना तीन हजार धरली गेली. देगलूरच्या मजूर बाईचा हिशेब मग कितीवर थांबतो? शेजारच्या बीड जिल्ह्यात ऊस तोडणाऱ्या ८२,३०९ बायकांची २०१९ मध्ये पाहणी झाली, त्यात १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. त्यातल्या किती शस्त्रक्रिया गरजेच्या होत्या हा प्रश्न विधिमंडळापर्यंत गेला. वैयक्तिक दाव्यांचा पूर मात्र आला नाही. उचल फेडायची, कोयता धरायचा की तारखा करायच्या?

मग येतो ३० सप्टेंबर २०२३ चा दिवस. नांदेडजवळ विष्णुपुरीचं डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय. चोवीस तासांत चोवीस मृत्यू, त्यांतली बारा अर्भकं. अठ्ठेचाळीस तासांत आकडा ३१ वर गेला, मुलं सोळा. नांदेडबरोबरच हिंगोली, परभणी आणि तेलंगणाच्या सीमेवरचे रुग्ण या एका रुग्णालयावर विसंबून असतात. औषधं पुरेशी होती असं प्रशासन म्हणालं. औषधं बाहेरून आणावी लागली असं नातेवाईक म्हणाले. एका खासदारांनी अधिष्ठात्यांच्या हाती झाडू देऊन स्वच्छतागृह साफ करायला लावलं आणि त्याची चित्रफीत देशभर फिरली. त्या झाडूनं एकाही आईच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं नाही. पुढे अधिष्ठात्यांवर सदोष मनुष्यवधाचा गुन्हा दाखल झाला.

मुंबई उच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली. खाजगी दवाखाने शेवटच्या घटकेला रुग्ण इकडे ढकलतात, ताण वाढतो, असं सरकारच्या वतीनं सांगितलं गेलं. असं म्हणून राज्याला जबाबदारी झटकता येणार नाही, असं न्यायालयानं बजावलं आणि रिकाम्या जागांचा, औषधखरेदीचा हिशेब मागितला. औषधखरेदीसाठी नव्या कायद्यानं नेमलेल्या प्राधिकरणाला पूर्णवेळ प्रमुखसुद्धा नव्हता.

इथे जुन्या दाव्यांची सगळी रीत तोकडी पडते. पालशेतच्या मुलाच्या बाबतीत एक डॉक्टर दाखवता येत होता. औरंगाबादेत डॉक्टर नाही, पण शस्त्रक्रियागृह दाखवता येत होतं. विष्णुपुरीत दाखवायचं काय? न भरलेली जागा? न आलेलं औषध? एका खाटेवर ठेवलेली दोन बाळं? जिच्यावर कुणाची सहीच नाही, ती चूक कुणाच्या नावावर?

माझं म्हणणं असं की हा पेच नवा वाटला तरी त्याची उकल १९९६ मध्येच झालेली आहे. औरंगाबादच्या निकालानं सांगितलं, नेमका हात दाखवायची गरज नाही, रुग्णालय ज्याचं तो जबाबदार. बंगालच्या निकालानं सांगितलं, साधनं नाहीत ही सबब चालणार नाही. हे दोन निकाल शेजारी ठेवले की विष्णुपुरीच्या प्रत्येक कुटुंबाचा भरपाईचा दावा राज्यावर उभा राहतो. अधिष्ठात्यावर गुन्हा नोंदवून राज्याला त्यातून सुटता येत नाही. उलट एका माणसाला आरोपी केलं की मंत्रालयातली फाइल कुठे अडली हे विचारायचं राहून जातं.

अडचण वाटेची आहे. ग्राहक आयोगाचं, म्हणजे पूर्वीच्या ग्राहक मंचाचं, सोपं दार सर्वांना मोफत उपचार देणाऱ्या रुग्णालयांना बंद आहे. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत राज्यानं १५ ऑगस्ट २०२३ पासून सगळे उपचार मोफत केले. निर्णय चांगला, गरिबाच्या खिशाला आधार देणारा. पण त्यानं उपजिल्हा आणि ग्रामीण रुग्णालयांतला रुग्ण ग्राहक उरला नाही. त्याच्यापुढे उरतं दिवाणी न्यायालय, नाहीतर छत्रपती संभाजीनगरच्या, म्हणजे जुन्या औरंगाबादच्या, खंडपीठात रिट. ज्याच्याकडे पैसे नाहीत त्यालाच सर्वांत लांबची, सर्वांत महागडी वाट, ही गोष्ट मला मान्य होत नाही. सरकारी रुग्णालयातल्या मृत्यूंसाठी जिल्हा पातळीवर भरपाईची सोय विधिमंडळानं कायद्यानं केली पाहिजे, आणि चौकशी समितीचा अहवाल मृताच्या घरच्यांना न मागता मिळाला पाहिजे.

तोवर नांदेड-लातूरच्या वाचकांना एवढंच सांगणं आहे. शंका असेल तर त्याच आठवड्यात संपूर्ण केसपेपरच्या प्रतीसाठी लेखी अर्ज द्या आणि त्यावर पोच घ्या. शवविच्छेदन नाकारू नका. नंतर ते करता येत नाही. पैसे भरून घेतलेल्या उपचारांची तक्रार २०१९ च्या नव्या कायद्यानं तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात करता येते, उपचारांना पाच लाखांपर्यंत मोजले असतील तर फी लागत नाही. मुदत दोन वर्षांची आहे. बायकांना, अनुसूचित जाती-जमातींना आणि कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मोफत मिळतो. त्याचं कार्यालय जिल्हा न्यायालयाच्या आवारातच असतं.